आठ-दहा विमानांचा ताफा: देखभालीचे व्यवस्थापन कसे करावे

हँगरमधले काम संपले की शेवटी एक सही होते. परवानाधारक देखभाल अभियंता, ज्याला या क्षेत्रात सगळे एएमई म्हणतात, तो ‘सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस’वर, म्हणजे सीआरएसवर सही करून जाहीर करतो की नेमून दिलेले काम मान्यताप्राप्त पुस्तिकेनुसार पूर्ण झाले आहे आणि त्या कामापुरते विमान सेवेत सोडायला हरकत नाही. देखभालीचे व्यवस्थापन करणारा माणूस सहसा ही सही स्वतः करत नाही. मात्र सही करणाऱ्याच्या हातात योग्य पुस्तिका होती का, सुटे भाग वेळेवर आले होते का, त्याची झोप झाली होती का आणि पहाटे साडेचार वाजता त्याच्या मागे कोणी घाई लावत होते का, हे सगळे व्यवस्थापकाने काही आठवडे किंवा काही महिने आधी घेतलेल्या निर्णयांवर ठरते. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी याच एका कसोटीवर तपासून घेतली आहे: या व्यवस्थेमुळे सही करणारा निःशंक मनाने सही करू शकतो का?

हे मार्गदर्शन एअरबस ए३२० किंवा एटीआर ७२ या वर्गातल्या आठ-दहा प्रवासी विमानांचा ताफा चालवणाऱ्या भारतीय कंपनीत देखभालीची सूत्रे नुकतीच हाती घेतलेल्या व्यक्तीसाठी आहे. मोठ्या कंपन्यांत यातल्या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र विभाग असतो. लहान ताफ्यात मात्र सगळे चार-पाच माणसांच्या अंगावर येते, आणि म्हणूनच तिथे पद्धत आधीपासून घालून घेणे अधिक गरजेचे असते.

जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवावे

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत दोन भाग नीट वेगळे समजून घ्यावे लागतात. सीएआर-एम हा भाग विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची जबाबदारी कोणाची आहे हे सांगतो, तर सीएआर-१४५ प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यशाळेला लागू होतो. नियमित प्रवासी सेवा देणाऱ्या कंपनीला उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संघटनेची, म्हणजे कॅमोची मान्यता स्वतःकडे ठेवावी लागते. कोणते काम केव्हा करायचे हे कॅमो ठरवते आणि ते करून सही करण्याचे काम १४५ संस्था करते. मोठी तपासणी नागपूरच्या मिहानमध्ये, हैदराबादला किंवा होसूरला करून घेतली, तरी एखादे काम यादीतून सुटले तर उत्तर कंपनीच्या कॅमोलाच द्यावे लागते.

म्हणून बाहेरच्या संस्थेशी करार करताना दरापेक्षा जास्त वेळ काही साध्या प्रश्नांवर घालवावा. तपासणीत नवा दोष सापडला तर तो किती तासांत कळवला जाईल, जादा कामाला मंजुरी कोण देईल आणि तो माणूस रात्री दोन वाजता फोनवर मिळेल का, सुटे भाग कोण मागवेल, विमान बाहेर पडताना कागदपत्रांचा संच पूर्ण असेल की नंतर टपालाने येईल, अशा प्रश्नांची उत्तरे करारातच लिहिलेली असावीत. कागद ‘मागाहून’ देण्याची सवलत मी कधीही देऊ नये असे सांगेन, कारण मागाहून येणाऱ्या कागदात सापडलेली चूक उडत्या विमानात सापडल्यासारखीच असते.

तीन घड्याळे

विमानाचे आयुष्य तीन घड्याळांवर मोजले जाते: उड्डाणाचे तास, उड्डाण-अवतरणाची आवर्तने, ज्यांना सगळे सायकल म्हणतात, आणि कॅलेंडरचे दिवस. मुंबई-गोवा मार्गावर विमान साधारण तासाभरात एक सायकल पूर्ण करते, तर मुंबई-लंडन मार्गावर तीच एक सायकल व्हायला नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. तेल, फिल्टर यांसारख्या बऱ्याच कामांना तास महत्त्वाचे असतात. लँडिंग गिअर, इंजिनाच्या फिरत्या डिस्क आणि दाब सोसणारी धडाची चौकट यांची झीज सायकलींवर होते. गंज मात्र विमान उभे असले तरी कॅलेंडरप्रमाणे वाढत राहतो.

हे तिन्ही एकत्र आले की काय होते याचे उदाहरण म्हणून अलोहा एअरलाइन्सच्या २८ एप्रिल १९८८ च्या अपघाताकडे पाहावे. हवाई बेटांमध्ये हिलोहून होनोलुलूकडे जाणाऱ्या त्या बोईंग ७३७ च्या धडाचा वरचा मोठा भाग हवेतच उखडला गेला आणि एका विमानसेविकेचा मृत्यू झाला. त्या विमानाचे तास होते ३५,४९६, पण सायकली होत्या ८९,६८०. म्हणजे सरासरी उड्डाण चोवीस मिनिटांचेही नव्हते. तासांकडे पाहणाऱ्याला ते विमान फारसे थकलेले वाटले नसते. सायकलींनी चौकट थकली होती, सागरी हवेने जोडांमध्ये गंज शिरला होता, आणि तपासण्यांत भेगा नजरेतून सुटल्या होत्या. कोकणपट्टीवर छोट्या मार्गांची उड्डाणे चालवणाऱ्या प्रत्येक नियोजकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या ताफ्यासाठी मांडून पाहावा.

कामांची मूळ यादी उत्पादकाच्या नियोजन दस्तऐवजातून, म्हणजे एमपीडीतून येते, आणि तिच्या आधारे कंपनी स्वतःचा देखभाल कार्यक्रम तयार करून डीजीसीएकडून मंजूर करून घेते. बोईंग ७४७ साठी १९६८ मध्ये सुरू झालेली आणि १९८० मध्ये एमएसजी-३ या रूपात स्थिरावलेली विचारपद्धत या यादीमागे आहे. तिच्यात प्रत्येक काम एखाद्या विशिष्ट बिघाडाच्या परिणामाला उत्तर म्हणून येते. एखादे काम निरर्थक वाटले तर ते कोणत्या बिघाडासाठी लावले आहे हे आधी शोधावे, आणि मगच त्याची मुदत वाढवून मागण्याचा विचार करावा. ए, बी, सी, डी अशा अक्षरांच्या तपासण्यांची भाषा अजून बोलण्यात आहे, पण आता बहुतेक कंपन्या कामे सुटी करून आपल्या वेळापत्रकाला सोयीच्या गठ्ठ्यांत बांधतात. लहान ताफ्याला हे फायद्याचे आहे, फक्त गठ्ठा बांधणाऱ्याची नोंदवही बिनचूक हवी.

नोंदींबाबत मी विशेष आग्रही आहे. नियोजनात नवा असताना एका कंपनीत आम्ही रात्री एका विमानाचा एक भाग काढून दुसऱ्याला बसवला. आमच्या भाषेत याला ‘रॉब करणे’ म्हणतात आणि नडीच्या वेळी ते सगळेच करतात. विमान सकाळी वेळेवर गेले, कागदही हँगरमध्ये नीट भरला गेला, पण संगणकावरील नोंद नऊ दिवसांनी बदलली. ते नऊ दिवस तो भाग एका विमानावर उडत होता आणि त्याचे तास दुसऱ्याच्या खात्यावर चढत होते. मुदत दूर होती म्हणून काही बिघडले नाही, पण त्या दिवसापासून भागाची अदलाबदल झालेल्या रात्रीची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन व्यक्तींनी तपासायची, हा नियम मी जिथे गेलो तिथे लावला.

अंदाज बांधताना तीन अंतरांवर नजर ठेवावी. पंधरा महिन्यांच्या अंतरावर हँगरची जागा, इंजिने आणि लँडिंग गिअर पाहावेत. ए३२० च्या लँडिंग गिअरची संपूर्ण दुरुस्ती साधारण १० वर्षे किंवा २०,००० सायकल, जे आधी येईल तेव्हा लागते, आणि बदली संच ऐनवेळी मिळत नाही. तीन महिन्यांच्या अंतरावर सुटे भाग, खास साधने आणि माणसांच्या रजा पाहाव्यात. आठवड्याच्या अंतरावर कोणते विमान कोणत्या रात्री कोणत्या तळावर मुक्कामाला असेल हे उड्डाण नियोजन विभागाशी बसून ठरवावे. कार्यक्रमात मुदतीपुढे थोडी सवलत दिलेली असते. ती अडचणीसाठी राखून ठेवावी आणि नियोजनात धरू नये. ती आधीच वापरून टाकणाऱ्या नियोजकाकडे विमान परगावी अडकल्यावर काहीच उरत नाही.

उड्डाणयोग्यता निर्देश, म्हणजे एडी, यांना तर अशी सवलत नसतेच. बोईंगसाठी अमेरिकेच्या एफएएने आणि एअरबस व एटीआरसाठी युरोपच्या ईएएसएने काढलेले निर्देश आपल्याकडे पाळावे लागतात, आणि मुदतीत किंवा पद्धतीत बदल हवा असेल तर पर्यायी उपाय रीतसर मंजूर करून घ्यावा लागतो. उत्पादकाच्या सेवा-पत्रकाचे, म्हणजे एसबीचे पालन बहुधा ऐच्छिक असते, पण आजचे पत्रक उद्या एडी होऊ शकते. म्हणून प्रत्येक पत्रक वाचून ‘लागू आहे की नाही, आणि आपण काय ठरवले’ हे कारणासह लिहून ठेवावे.

मोठी तपासणी हँगरमध्ये नेण्यापूर्वी

कामाच्या कार्डांचा गठ्ठा बांधताना प्रणालीनुसार न लावता, कोणते पॅनेल उघडावे लागते त्यानुसार लावावा. गॅली आणि शौचालयाखालची फरशी एकदा उघडली की तिथले गंज-निरीक्षण, वायरींची तपासणी आणि तिथले जुने पुढे ढकललेले दोष एकाच वेळी संपवावेत. तीच फरशी चार महिन्यांत दुसऱ्यांदा उघडणे म्हणजे मनुष्यतास वाया घालवणे आहेच, शिवाय बसवताना चूक होण्याची आणखी एक संधी देणे आहे.

विमान उभे राहिल्यावर पहिले काही दिवस केवळ उघडणे आणि निरीक्षण यांनाच द्यावेत. वंगण घालणे, फिल्टर बदलणे अशी सोपी कामे आधी उरकून ‘चाळीस टक्के झाले’ असे दाखवण्याचा मोह प्रत्येक हँगरला होतो, आणि मग शेवटच्या आठवड्यात फ्रेमवर भेग सापडते. वय वाढलेल्या विमानात सापडलेल्या दोषांचे काम नियमित कामाच्या बरोबरीला येऊ शकते. ते जितके लवकर दिसेल तितका भाग मागवायला आणि उत्पादकाकडून दुरुस्तीचा आराखडा मिळवायला वेळ मिळतो. रोजच्या बैठकीत किती कार्डे बंद झाली हा आकडा विचारण्यापेक्षा ‘आज काय उघडले नाही आणि का’ हे विचारावे.

कामाच्या यादीत भर घालण्याची एक अंतिम तारीख ठरवावी आणि ती स्वतः पाळावी. व्यापारी विभागाकडून आसनांचा नवा रंग, वायफायची तार अशा मागण्या शेवटच्या क्षणी येतात, आणि त्यांना नकार देणे हे व्यवस्थापकाचेच काम आहे. हँगरमधल्या अभियंत्याला तो नकार देता येत नाही.

सुटे भाग आणि त्यांचे कागद

विमानाचा भाग दोन गोष्टींनी बनतो, वस्तू आणि तिचा कागद. डीजीसीएचा सीए फॉर्म १, ईएएसएचा फॉर्म १ किंवा एफएएचा ८१३०-३ यांसारखे मान्य प्रमाणपत्र नसेल तर तो भाग कितीही नवाकोरा दिसला तरी साठ्यात घेऊ नये. २०२३ मध्ये लंडनमधील एका पुरवठादाराने सीएफएम५६ इंजिनांचे भाग बनावट कागदांसह विकल्याचे उघड झाले, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना आपापली इंजिने तपासावी लागली. आवक तपासणाऱ्या व्यक्तीने शंका येताच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला थेट विचारावे, पुरवठादारामार्फत विचारू नये. आयुष्यमर्यादा असलेल्या भागांच्या बाबतीत जन्मापासूनचा प्रत्येक तास आणि प्रत्येक सायकल कागदावर दिसली पाहिजे. मध्येच एक वर्षाचा खंड असेल तर तो भाग घेऊ नये, मग किंमत कितीही मोहात पाडणारी असो.

साठ्याच्या खोलीची व्यवस्था किती महत्त्वाची आहे हे १० जून १९९० च्या घटनेवरून कळते. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची वैमानिकासमोरची काच बर्मिंगहॅमहून मालागाकडे जाताना हवेत निसटली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले आणि कॅप्टन वाचले. त्या विमानाची काच आदल्या दिवशी पहाटे बदलली होती. नव्याने लावलेल्या ९० बोल्टपैकी ८४ व्यासाने लहान होते आणि उरलेले सहा लांबीला कमी होते. काम करणाऱ्या अनुभवी माणसाने भागांच्या सचित्र सूचीत क्रमांक न पाहता काढलेला बोल्ट हातात घेऊन नजरेने जुळवला होता, आणि अंधुक उजेडातल्या खणातून बोल्ट घेतले होते. शिवाय काढलेल्या बोल्टमधलेही बहुतेक मुळात चुकीचेच, ठरलेल्यापेक्षा आखूड होते.

या घटनेतून व्यवस्थापकाने आपल्या साठ्यात चार गोष्टी पाहाव्यात. रात्री सूची पाहायला संगणक जवळ आणि चालू आहे का, खणांवरचे क्रमांक वाचता येतील इतका उजेड आहे का, सर्वाधिक लागणारे बोल्ट पुरेसे आहेत का, आणि रात्री साठ्यात खरोखर कोणी असते का. यांतली एकही गोष्ट महाग नाही. सीलंट आणि रबरी ओ-रिंग यांच्या वापराच्या मुदती दर महिन्याला तपासाव्यात, आणि साठ्याच्या खोलीतले तापमान व आर्द्रता नोंदवण्याचे यंत्र केवळ भिंतीवर न ठेवता रोज कोणीतरी वाचावे.

विमान भागाअभावी जमिनीवर अडकले की त्याला एओजी म्हणतात, आणि त्या वेळी तासागणिक पैसे जातात. जुलै २०२४ पासून विमानांच्या आयात भागांवर एकसमान ५ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर लागू झाल्याने आधीचा वेगवेगळ्या दरांचा घोळ कमी झाला आहे. तरीही सीमाशुल्काच्या कागदांत चुकीचे वर्णन गेले तर खोका गोदामात पडून राहतो, म्हणून भाग मागवणाऱ्यालाच ते वर्णन तपासायला लावावे.

पुढे ढकललेले दोष

वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत नोंदवलेला प्रत्येक दोष, आपल्या भाषेत स्नॅग, त्याच ठिकाणी दुरुस्त करता येतोच असे नाही. एमईएल या मंजूर यादीप्रमाणे काही उपकरणे बंद ठेवून ठरावीक काळ उडता येते. ब वर्गाच्या दोषाला ३ दिवस, क वर्गाला १० दिवस आणि ड वर्गाला १२० दिवस मिळतात. अ वर्गाची मुदत त्या-त्या नोंदीतच लिहिलेली असते. ब, क आणि ड वर्गांत दोष नोंदवल्याचा दिवस मोजत नाहीत. सोमवारी दुपारी नोंदवलेल्या ब वर्गाच्या दोषाची मुदत गुरुवार संपताना, म्हणजे मध्यरात्री संपते.

या यादीचा दुरुपयोग जाणूनबुजून फारसा होत नाही. तो आळसाने होतो. दहा दिवस आहेत म्हणून भाग आठव्या दिवशी मागवला जातो, नवव्या दिवशी तो मिळत नसल्याचे कळते आणि दहाव्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज तयार होतो. म्हणून ज्या क्षणी दोष पुढे ढकलला जातो त्याच क्षणी भागाची मागणी, दुरुस्तीचा तळ आणि रात्र या तिन्ही गोष्टी ठरल्या पाहिजेत. रोज सकाळी ताफ्यातील सगळ्या ढकललेल्या दोषांची एक यादी व्यवस्थापकाने स्वतः वाचावी. ती वाचताना एकाच विमानावरचे दोन दोष एकमेकांना कसे वाढवतात हे पाहावे. विजेचा एक स्रोत बंद असताना एक वातानुकूलन संच बंद असणे कदाचित दोन्ही नोंदींत स्वतंत्रपणे चालत असेल, पण मे महिन्यात नागपूरच्या उन्हात पूर्ण भरलेल्या विमानाच्या वैमानिकांवर त्याचा किती भार पडेल हा निर्णय कागद देत नाही.

परत-परत येणाऱ्या स्नॅगबाबत एकच पथ्य पाळावे: तिसऱ्या वेळी तोच भाग बदलायला देऊ नये. दर वेळी संगणक-खोका बदलला जातो, चाचणी यशस्वी होते, विमान जाते, आणि दोन दिवसांनी तोच संदेश परत येतो. तिसऱ्या वेळी विमान रात्रभर थांबवावे, बी२ परवान्याच्या एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या अभियंत्याला वायरींचा आराखडा आणि पुरेसे तास द्यावेत, आणि मागील दोन वेळा काय केले याची संपूर्ण नोंद त्याच्यासमोर ठेवावी.

रात्रपाळी

विमाने दिवसा उडतात, म्हणून देखभाल रात्री होते. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचे शरीर झोप मागते आणि लक्ष पातळ होते, हे कितीही अनुभवी माणसाला लागू आहे. नियोजनात याची दखल घेता येते. पंख आणि शेपटीवरच्या हलत्या नियंत्रण-पृष्ठांची जुळणी, इंजिनाच्या तेलाचे वा इंधनाचे जोड उघडणे अशी कामे रात्रीच्या पहिल्या भागात सुरू होतील असे लावावे, आणि पहाटेसाठी साफसफाई, वंगण, कागद भरणे ठेवावे. सलग रात्रींची संख्या मर्यादित ठेवावी. सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षणाला बोलावलेला माणूस सुट्टीवर नसतो, हेही लक्षात घ्यावे.

पाळी बदलताना तोंडी निरोपावर विसंबू नये. ११ सप्टेंबर १९९१ रोजी टेक्सासमध्ये काँटिनेंटल एक्सप्रेसचे एम्ब्रेअर विमान हवेतच मोडून पडले आणि विमानातील चौदाही जणांचा मृत्यू झाला. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे वरच्या बाजूचे ४७ स्क्रू आदल्या रात्री एका पाळीने काढले होते, आणि पुढच्या पाळीला ते कळले नव्हते. वरच्या बाजूचा भाग जमिनीवरून दिसत नाही. स्क्रू काढल्याची नोंद नव्हती, म्हणून ते बसवल्याची सहीही कोणाकडून मागितली गेली नाही.

म्हणून पद्धत अशी असावी की काही उघडले किंवा सैल केले की त्याच क्षणी कार्डावर ओळ पडते, आणि ती ओळ बंद होईपर्यंत सीआरएस होऊ शकत नाही. दोन पाळ्यांमध्ये किमान अर्धा तास सामाईक ठेवावा आणि निरोप विमानाजवळ उभे राहून, कार्ड हातात घेऊन, उघड्या जागेकडे बोट दाखवून द्यावा. हा अर्धा तास वेतनात धरलेला असावा. तो फुकट मागितला की दहा मिनिटांवर येतो.

एकच चूक सर्व इंजिनांवर होऊ नये म्हणून तेच काम एकाच रात्री एकाच माणसाकडून दोन्ही इंजिनांवर करून घेऊ नये. ५ मे १९८३ रोजी मायामीहून निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या तीन इंजिनांच्या विमानात तिन्ही इंजिनांच्या तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या शोधकांवर गळती रोखणाऱ्या ओ-रिंगच बसवल्या नव्हत्या. तिन्ही इंजिनांचे तेल गेले, आणि एक इंजिन पुन्हा सुरू झाले म्हणून विमान मायामीला परत उतरू शकले. दोन रात्री लागल्या तरी चालतील असे वेळापत्रक बांधावे. माणसे कमी असतील तर दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्र निरीक्षण करावे, आणि ती व्यक्ती पहिल्याच्या खांद्यावरून पाहणारी नसावी, नव्याने येऊन तपासणारी असावी.

आणखी एक गोष्ट व्यवस्थापकाच्या स्वतःच्या वागण्याची आहे. पहाटे हँगरला फोन करून ‘विमान किती वाजता सुटेल?’ असे विचारले की समोरचा माणूस वेळ सांगतो, आणि मग ती वेळ पाळायला धावतो. ‘कोणत्या पायरीवर आहात, काही हवे आहे का?’ असे विचारले की तो खरी अडचण सांगतो. वेळ सांगण्याचे ओझे व्यवस्थापकाने स्वतःकडे घ्यावे आणि उड्डाण विभागाला उशीर आपल्या नावावर कळवावा.

पावसाळा

मुंबई, गोवा आणि संपूर्ण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर हा देखभालीचा वेगळाच हंगाम असतो, आणि त्याची तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. धडाच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची छिद्रे तपासून मोकळी करावीत. दरवाज्यांची सीले, आसनांचे रूळ, गॅलीखालची चौकट आणि मालकक्षाची फरशी यांवरचे गंजरोधक लेपन पाहावे. गंजाचे प्रमाण पहिल्या पातळीच्या, म्हणजे मान्य मर्यादेच्या पलीकडे पुन्हा-पुन्हा सापडत असेल, तर दुरुस्तीपुरते न थांबता तपासणीचे अंतरच कमी करावे. समुद्रकाठी मुक्कामाला असणाऱ्या विमानांची धुलाई आणि इंजिनाच्या कॉम्प्रेसरची पाण्याने सफाई अधिक वेळा लावावी.

हवेच्या दाबावरून वेग आणि उंची मोजणारी पिटो नळी आणि स्थिर दाबाची छिद्रे झाकण्याबाबत फार काटेकोर राहावे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोईंग ७५७ वर धुलाईच्या वेळी स्थिर दाबाच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली. वैमानिकांना वेग आणि उंची चुकीची दिसत राहिली आणि विमानातील सर्व ७० जणांचा मृत्यू झाला. झाकण्यासाठी केवळ लाल फीत लटकणारी, ठरवून दिलेली आवरणेच वापरावीत, चंदेरी पट्टी कधीही वापरू नये, आणि ती लावल्याची व काढल्याची नोंद टेक लॉगमध्ये असावी.

पावसात उघड्यावर सीलंटचे काम घेऊ नये, कारण ते वाळण्याचा वेळ तापमानावर आणि हवेतल्या ओलाव्यावर ठरतो. कडक अवतरण आणि वीज पडल्यावरच्या तपासण्या या महिन्यांत वाढतात, म्हणून हँगरमधली एक जागा शक्यतो मोकळी ठेवावी. मोठी तपासणी पावसाळ्यात येत असेल तर ती समुद्रापासून दूर असलेल्या नागपूर किंवा हैदराबादला नेणे मला योग्य वाटते.

इंजिनांसाठी आधी रांगेत उभे राहावे

जुलै २०२३ मध्ये ए३२०निओ विमानांवरच्या पीडब्ल्यू११००जी इंजिनांच्या काही डिस्कमध्ये धातूच्या भुकटीतील दोष जाहीर झाला आणि जगभर शेकडो विमाने तपासणीसाठी उभी राहिली, भारतातही डझनावारी. त्याआधी, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या भारतीय विमान कंपनीने उड्डाणे थांबवताना याच इंजिनांच्या अनुपलब्धतेचे कारण पुढे केले होते. लहान ताफ्याने यातून इतके तरी करावे: प्रत्येक इंजिनाच्या सर्वांत आधी संपणाऱ्या डिस्कची तारीख आणि दुरुस्ती कारखान्यातली जागा यांचा हिशेब दर तिमाहीला नव्याने मांडावा, आणि भाड्याच्या अतिरिक्त इंजिनाची बोलणी गरज पडण्याआधीच करून ठेवावीत.

विमान सोडताना

सीआरएसच्या आधीचा शेवटचा तास व्यवस्थापकाने राखून ठेवावा, आणि त्या तासात नवे काम देऊ नये. सगळी कार्डे बंद आहेत का, स्वतंत्र निरीक्षणाच्या सह्या आहेत का, काढलेल्या भागांची ओळखचिठ्ठी काढलेल्या भागांनाच लागली आहे का, आणि साधनांची गणती जुळते का, हे पाहावे. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या ए३८० च्या इंजिनाची बोअरस्कोप तपासणी, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालून केलेली तपासणी झाली आणि कॉम्प्रेसर हाताने फिरवण्याचे सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे साधन इंजिनातच राहिले. ते साधन परत आले नसल्याचे दिसत असतानाही हरवलेल्या साधनाची प्रक्रिया सुरू न होता सीआरएस झाला, आणि ते सापडेपर्यंत विमान ३४ सायकल आणि २९४ तास उडाले.

आपल्या तळावर यासाठी दोन गोष्टी लिहून, सर्वांना समजावून ठेवाव्यात. साधनांच्या फळीवर एक जागा जरी रिकामी असेल तर सीआरएस होणार नाही, आणि हे थांबवण्याचा अधिकार साधनांच्या खोलीतल्या सर्वांत कनिष्ठ माणसालाही असेल. आणि ज्याच्याकडून साधन हरवले त्याने ते स्वतः सांगितले तर त्याला शिक्षा होणार नाही. हे आश्वासन लेखी असावे, त्यावर कंपनीच्या अकाउंटेबल मॅनेजरची, म्हणजे डीजीसीएला अंतिम उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याची सही असावी, आणि पहिल्यांदा असे कोणी सांगायला आले की विमान थांबवून, दिवे लावून, सगळ्यांनी मिळून ते शोधावे.